न हाताळलेली पानं

शुक्रवारी दुपारी कंपनीत सगळ्यांना एकदमच निरोप आला. सोमवारी सकाळी चारशे नवे रुग्ण 'सांधा'वर येणार होते. मजल्यावर टाळ्या वाजल्या, कुणीतरी पेढे वाटले. सुनेत्रा मगदूमनेही एक पेढा घेतला आणि तो तसाच हातात धरून ती आपल्या जागेवर जाऊन बसली. तिने आपल्या भावाचं खातं उघडलं. बघायची गरज नव्हती खरं तर. काय दिसणार ते तिला माहीत होतं.

तिचा भाऊ भरतेश जयसिंगपूरला राहायचा. इचलकरंजीच्या यंत्रमागांना लागणारे सुटे भाग बनवण्याचा त्याचा छोटा वर्कशॉप घराला लागूनच होता. दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला आणि तो मेंदूत गेला. माणूस वाचला, पण मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत दडलेला, करंगळीएवढा एक भाग जळून गेला. त्या भागात आठवणी साठवलेल्या नसतात. त्या मेंदूभर विखुरलेल्या असतात. कुठली आठवण कुठे आहे आणि कुठली कशाला जोडलेली आहे, एवढंच त्या भागाला माहीत असतं. तो गेल्यावर भरतेशचं सगळं असून नसल्यासारखं झालं. लेथसमोर उभा केला तर हात बिनचूक चालायचे, पण हा वर्कशॉप कुणाचा हे त्याला सांगता यायचं नाही. बायकोला तो 'बाई' म्हणायचा.

'सांधा' अशा माणसांसाठी होता. कवटीखाली तारांची पातळ जाळी, कानामागे एक चकती, आणि पुण्यात कंपनीचं सामाईक साठवण केंद्र. सुरुवातीचे काही महिने शिकवणी चालायची. रुग्णाला फोटो दाखवायचे, त्याच्याशी जुन्या गोष्टी बोलायच्या. त्या वेळी मेंदूत कुठल्या पेशी एकत्र पेटतात ते यंत्र टिपून ठेवायचं आणि पुढच्या वेळी त्याच पेशींना तसाच इशारा द्यायचं. आठवण माणसाचीच, तिच्यापर्यंत जायची वाट तेवढी यंत्राकडे. एकेका वाटेची नोंद एवढी मोठी असायची, की कानामागच्या चकतीत ती मावणं शक्य नव्हतं. म्हणून साठवण केंद्र. आणि त्या केंद्रातली जागा सगळ्या रुग्णांमध्ये कशी वाटायची, हे सुनेत्राचं काम होतं.

ही अडचण संगणकात फार जुनी आहे. प्रोग्रॅमला जागा लागली की तो ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागतो आणि ती पानापानांनी मिळते. काम झालं की पान परत करावं. पण प्रोग्रॅम सहसा करत नाहीत. पुन्हा लागलं तर मागण्यात वेळ जाईल, म्हणून रिकामी पानंही ते धरून बसतात. एसटीतून चहाला उतरताना आपण सीटवर रुमाल टाकून जातो, तसं. सगळ्यांनीच रुमाल टाकले तर गाडी रिकामी असूनही नव्या माणसाला उभं राहावं लागतं. उलट दर वेळी जागा सोडली तर परतल्यावर आपली जागा गेलेली. शिवाय सोडलेलं पान दुसऱ्याला देण्याआधी सिस्टिम ते पुसून कोरं करते, एकाचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून.

सुनेत्राच्या गटाने तिसरी रीत घेतली होती. पान सोडायचं नाही, त्यावर फक्त खूण करायची: सध्या लागत नाही, गर्दी झाली तर घ्या. गर्दी होईपर्यंत त्यावरचा मजकूर जागच्या जागी राहतो. तेवढ्यात प्रोग्रॅमने त्या पानावर काही लिहिलं, तर खूण आपोआप निघते आणि पान त्याचं राहतं. नुसतं वाचलं तर मात्र खूण तशीच. आणि पान नेलं गेलं, तर तसं कुणी कळवत नाही. पुढच्या वेळी तिथे गेलं की कोरं पान मिळतं, इतकंच.

'सांधा'त ज्या पानांवर वर्षभर काही लिहिलं जात नाही, त्यांना अशी खूण व्हायची. डॉक्टरांनीही याला मान्यता दिली होती. जिवंत आठवण माणूस पुन्हा पुन्हा सांगतो, आणि दर वेळी सांगताना ती थोडी बदलते, म्हणजे मेंदूत ती नव्याने लिहिली जाते. जिला वर्षभरात कुणी हात लावला नाही, ती त्याच्या कामाची नसणार. सुनेत्रानेच बैठकीत हे मांडलं होतं आणि तेव्हा त्यात कुणाला खोट दिसली नव्हती.

भरतेशच्या नकाशात जवळजवळ सगळं हिरवं होतं. वर्कशॉप, लग्न, आईवडील, बाहुबलीच्या डोंगरावरची शाळेची सहल. एकच मोठा गठ्ठा राखाडी होता, म्हणजे खूण झालेला. शिकवणाऱ्यांनी त्याला दिलेलं नाव शेजारी दिसत होतं: सम्मेद.

सम्मेद हा भरतेशचा मुलगा. चार वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना तो अपघातात गेला. हातकणंगल्याच्या रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी दिवे नसलेली उसाची ट्रॉली समोर आली, गाडी कालव्यात उलटली. शेतातल्या लोकांनी दोघांना बाहेर काढलं. गाडी भरतेश चालवत होता. त्याचं गळ्याचं हाड मोडलं, केस झाली, लायसन्स गेलं, आणि त्या दिवसापासून त्याने मुलाचं नाव घेतलं नव्हतं. आजारानंतर शिकवणीत सम्मेदचे फोटो दाखवले गेले, वाट नोंदवली गेली. त्यानंतर भरतेशने तिथे पाऊल टाकलं नाही. हॉलमधल्या फोटोकडे तो रोज बघायचा, पण ते नुसतं वाचणं. यंत्राच्या लेखी हा गठ्ठा पडून होता.

सुनेत्रा तिच्या प्रमुखांकडे, डॉ. नीलोफर बागवानांकडे गेली. हा एक गठ्ठा वाचवता येईल का, तिने विचारलं. बागवान मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या नाही म्हणाल्या. कर्मचाऱ्याने कुणाच्याही पानांना हात लावायचा नाही, हा नियम सुनेत्रानेच आग्रहाने करून घेतला होता. आणि सोमवारी येणारी माणसं वर्षभर थांबली होती. त्यात आपल्या बाळाला न ओळखणारी एक आई होती. घरच्यांनी त्याच्याशी बोलून आठवण जागवावी, त्याला कुणाची ना नाही, असं त्या म्हणाल्या. पान नक्की कधी जाईल, हे सुनेत्राने विचारलं नाही. ते कुणालाच सांगता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सोमवारी सकाळी जाईल, किंवा त्याआधीच्या चाचण्यांत केव्हाही.

शनिवारी सकाळी ती जयसिंगपूरला पोचली. भरतेश वर्कशॉपवर गेला होता. त्रिशलावहिनी स्वयंपाकघरात घेवडा निवडत बसल्या होत्या. सुनेत्राने खाली बसून, शेंगा मोडू लागत, सगळं सांगितलं. वहिनींचे हात चालत राहिले.

मग त्या म्हणाल्या, "जाऊ दे."

सुनेत्राला वाटलं, आपलं नीट समजलं नसावं. ती पुन्हा सांगू लागली, तर वहिनींनी तिला थांबवलं. त्यांना सगळं समजलं होतं. आजारानंतरच्या ज्या महिन्यांत भरतेशला काही आठवत नव्हतं, त्या महिन्यांबद्दल त्या बोलल्या. तो रात्रभर झोपायचा. जेवताना हसायचा. पावसात ओले झालेले कपडे दोरीवरून काढून आणायचा आणि शाबासकी मिळेल म्हणून उभा राहायचा. मग सांधा बसला, शिकवणी झाली, आणि एके दिवशी तो फोटोसमोर उभा राहिला तो खाली बसला. त्यानंतर पुन्हा तेच. पहाटेपर्यंत जागा, गाडीचा हॉर्न वाजला की हात थरथरणार.

"माझ्या देखत ह्यांना दोनदा कळलं, पोरगा गेला म्हणून," वहिनी म्हणाल्या. "तू काही कर असं मी म्हणत नाही. काही करू नकोस, एवढंच मागते."

सुनेत्राने सांगितलं की फक्त अपघात जाणार नाही. शिकवणीत सम्मेदची सगळी नोंद सलग झाली होती, आणि जागा पानापानाने नाही, गठ्ठ्याने सोडली जाते. त्याचं जन्मणं, शाळा, आवाज, सगळंच जाईल. भरतेशला मुलगा होता हेच राहणार नाही, आणि काही हरवलंय असंही त्याला वाटणार नाही.

वहिनींनी शेंगांच्या शिरा गोळा करून ताटलीत टाकल्या. "माझ्याकडे आहे की तो," त्या म्हणाल्या.

चार वर्षं हे घर तिने पुण्याहून फोनवर पाहिलं होतं; वहिनींनी ते आतून पाहिलं होतं. तिने बरं म्हटलं. बरं म्हटल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण दुपारभर तिला बसवेना. फोन काढून ती नकाशा बघायची. राखाडी. पुन्हा ठेवून द्यायची. राखाडी रंगावरून पान अजून आहे की गेलंय, ते कळत नव्हतं. गेलेल्या पानाचा रंगही राखाडीच राहायचा, कुणी तिथे जाऊन बघेपर्यंत.

दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची त्या घरात पद्धत होती. भरतेश वर्कशॉपवरून आला, बहिणीला बघून खूश झाला, पुण्यातल्या पाण्याबद्दल आणि तिच्या गुडघ्याबद्दल विचारपूस केली. हात धुऊन तो हॉलमधून येताना थबकला. भिंतीवर एका जागी चौकोनी फिकट डाग होता.

"इथला फोटो कुठाय?" त्याने विचारलं.

तेव्हा सुनेत्राला कळलं की सकाळचं बोलणं झाल्यावर वहिनींनी फोटो काढून ठेवला होता. तिने शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "कुणाचा?"

भरतेश डागाकडे बघत राहिला. "इथला," तो म्हणाला.

वहिनींनी आतूनच सांगितलं की काच तडकली होती, बसवायला दिलाय. तो बरं म्हणून जेवायला बसला. भाकरी मोडली, आमटी कालवली, मागच्या आठवड्यातल्या एका गिऱ्हाइकाची गंमत सांगितली. सुनेत्रा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला काहीच उमगत नव्हतं. नाव घेणं त्याने टाळलं होतं, की नावच उरलं नव्हतं? चार वर्षं तो असाच तर वागत होता. पान असलेला भरतेश आणि पान गेलेला भरतेश, दोघेही 'इथला' एवढंच म्हणाले असते. तिने हे सगळं आखलं होतं, आणि स्वतःच्या भावासमोर बसून तिला फरक सांगता येत नव्हता.

एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यात पक्की झाली. वहिनी काय मागतात ते तिने ऐकलं होतं, यंत्र काय करणार ते तिला माहीत होतं. ज्याचं जाणार होतं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी वर्कशॉप बंद असायचा, तरी भरतेश सकाळी तिथे जाऊन झाडलोट करायचा. सुनेत्रा त्याच्याबरोबर गेली. जाताना तिने वहिनींना सांगितलं की ती दादाला सांगणार आहे. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

लेथवर फडकं मारता मारता भरतेशने सगळं ऐकलं. तो यंत्रांतला माणूस होता. खूण, गर्दी, गठ्ठा, कोरं पान हे त्याला पटकन समजलं. मधे दोनतीन प्रश्नही त्याने अगदी मोजके विचारले. कुठला गठ्ठा, हे मात्र विचारलं नाही. सुनेत्रा घाबरली. तिने ते नाव घेतलं.

"सम्मेद, दादा."

भरतेशने फडकं खाली ठेवलं. तो स्टुलावर बसला, आणि त्याच्या हातांना थरथर सुटलेली तिने पाहिली. पान होतं. अजून होतं. तिला एकाच वेळी हायसं वाटलं आणि स्वतःचा राग आला.

"त्रिशलाला माहितीये?" त्याने विचारलं.

ती हो म्हणाली. फोटो का काढला तेही सांगितलं. भरतेश हळू आवाजात म्हणाला, "माझ्या डोक्यातलं काय ठेवायचं ते तुम्ही दोघी ठरवायला बसला होता."

तिने नाकारलं नाही. वहिनींना तो झोपलेला बघायचा होता, एवढंच सांगितलं. त्यावर त्याने मान हलवली. त्यालाही ते दिवस अंधुक आठवत होते, आणि बरे वाटले होते. थोड्या वेळाने त्याने विचारलं की आत्ता तू नाव घेतलंस, मला सगळं आठवलं, मग झालं ना? निघाली ना खूण? सुनेत्राने फोन दाखवला. राखाडी. नुसतं आठवणं पुरत नाही, तिने सांगितलं. जसंच्या तसं आठवलं तर ते वाचणं होतं. ते लिहावं लागतं. म्हणजे कुणाला तरी सांगावं लागतं, आणि आजवर सांगितलं नाही असं काहीतरी त्यात यावं लागतं. नवं काही आलं तरच मेंदू ती आठवण पुन्हा मांडतो.

आणि तिने त्याला हेही सांगितलं की नको असेल तर काही करायची गरज नाही. उद्या सकाळी त्याला हे बोलणंही नीट आठवणार नाही, कारण हेही त्याच वाटेला जोडलेलं असेल. कुणी त्याला दोष देणार नाही.

भरतेश बराच वेळ लेथच्या चकाकणाऱ्या पट्टीकडे बघत बसला. बाहेरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. त्याचे खांदे आकसले आणि पुन्हा सैल झाले.

"तिला बोलाव," तो म्हणाला.

वहिनी आल्या त्या पदराला हात पुसत, आत न येता उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी सुनेत्राकडे पाहिलंही नाही. भरतेश बायकोकडे बघून बोलायला लागला. सुरुवात त्याने फार मागून केली. सम्मेद लहानपणी लेथवर निघालेली लोखंडाची गोल गोल वेटोळी खिशात भरून शाळेत न्यायचा आणि खिसे फाटायचे, ते सांगितलं. वहिनींना ते माहीत होतं. सुनेत्रालाही होतं. सुनेत्राने फोनकडे पाहिलं. रंग बदलला नव्हता. मग तो त्या दिवसावर आला. घरातून निघाले, स्टँडजवळ पेट्रोल भरायला थांबले. इथे त्याने पाणी मागितलं, पण प्यायला नाही. भांडं हातात धरून राहिला.

"पंपावर आम्ही जागा बदलली," तो म्हणाला. "गाडी तो चालवत होता."

तो पुढे बोलत गेला, आता भरभर. सम्मेद चांगली चालवत होता. ट्रॉली दिसली तेव्हा त्यानेच ओरडून सांगितलं, बाबा धरा. लोकांनी बाहेर काढलं तेव्हा कोण कुठे बसलं होतं हे कुणी पाहिलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं, आणि भरतेशने मी चालवत होतो म्हणून सांगितलं. पोराकडे शिकाऊ लायसन्सही नव्हतं. मेलेल्या पोराच्या नावावर चूक नको, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. एकदा सांगितल्यावर मग ते तसंच राहिलं.

सुनेत्राच्या हातातल्या फोनवर गठ्ठा हिरवा झाला होता.

वहिनी वळून घरात गेल्या. सुनेत्रा त्यांच्या मागे गेली. त्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या.

"खरं आहे का हे?" त्यांनी विचारलं.

सुनेत्रा त्यांच्या शेजारी बसली. पान लिहिलं गेलं, एवढं दिसतं, ती म्हणाली. त्याआधी त्यावर काय होतं, वहिनींनी विचारलं. ते आता कुठेच नाही, सुनेत्राने सांगितलं. वर लिहिलं की खालचं राहत नाही, आणि कंपनी कुणाच्या पानांची प्रत ठेवत नाही.

"म्हणजे ह्यांनी आत्ता रचलं असेल तर?"

"तरी त्याला आता तेच आठवणार, वहिनी. आपण रचलं, हेही त्याला आठवणार नाही. सहन होईल अशा बाजूला मन आठवण सरकवतं, असं डॉक्टर सांगतात. तसं झालंय की नाही, हे यंत्राला कळत नाही. मला कळत नाही."

वहिनी दगडावरचा साबणाचा तुकडा नखाने खरवडत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते सुनेत्राने कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी निघताना वहिनीच दारात म्हणाल्या होत्या, किती दिवस त्याला शेजारी बसवणार, चालवू द्या की आता. भरतेश बघू म्हणाला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. गाडी वळेपर्यंत त्यांनी ते पाहिलं होतं. तेव्हापासून त्या मनात एकच धरून होत्या: माझं ऐकलं असतं तर पोरगा दुसऱ्या बाजूला बसला असता आणि वाचला असता. नवऱ्याची सेवा करताना, त्याला औषध देताना, त्याच्याशेजारी झोपताना, चार वर्षं.

"आणि ह्यांनी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

जरा वेळाने त्यांनी विचारलं की मी दारात तसं म्हटल्याचं ह्यांना आठवत असेल का. बोलताना तर ह्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. सुनेत्राला सांगता येईना. तेही त्याच गठ्ठ्यात असेल, आणि आत्ताच्या लिहिण्यात पुसलं गेलं असेल. किंवा ते आठवत असूनच भरतेशने गाळलं असेल.

वहिनी उठल्या. वर्कशॉपमध्ये भरतेश अजून स्टुलावरच होता, भांडं हातात होतं. वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी दारात मी काय म्हटलं होतं, आठवतं तुम्हाला?"

भरतेशने वर पाहिलं. "कधी?"

"निघताना."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला.

सुनेत्रा दारात थांबली. वहिनींना इथे थांबता आलं असतं. भरतेशच्या डोक्यात ते नसेल, तर जगात आता ते त्या दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आणि सुनेत्रा कधी बोलली नसती. वहिनींनी भिंतीलगतचं दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

"मी म्हटलं होतं, चालवू द्या त्याला. किती दिवस शेजारी बसवणार. मीच म्हटलं होतं." त्यांचा आवाज सरळ होता. "आता तुम्ही सांगा. काय म्हटलं मी?"

"जाऊ दे, त्रिशला."

"जाऊ द्यायचं नाही. सांगा."

भरतेशने भांडं खाली ठेवलं. तो अडखळत बोलू लागला, खाली फरशीकडे बघत. "तू दारात उभी होतीस. म्हणालीस, चालवू द्या त्याला." तो थांबला. वहिनी वाट बघत होत्या. "तुझ्या हातात डब्याचं झाकण होतं. डबा सापडत नव्हता तुला. झाकण हलवत हलवतच बोललीस, आणि सम्या माझ्याकडे बघून हसला."

झाकणाबद्दल वहिनी सुनेत्राशी बोलल्या नव्हत्या, आणि आत्ता त्याच्याशीही नाही. सुनेत्राने वहिनींकडे पाहिलं. त्यांचा हात तोंडावर गेला होता.

"होतं," त्या म्हणाल्या. "पिवळ्या डब्याचं."

भरतेशने मान हलवली, पण वर पाहिलं नाही. आठवत नाही असं तो मघाशी म्हणाला होता, आणि ते खोटं होतं, हे आता तिघांनाही कळलं होतं. वहिनींनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांनी तो सोडला नाही.

"पुढे?" त्या म्हणाल्या. "पंपावर काय म्हणाला तो?"